दोन महायुद्धांमधले फ्रेंच कम्युनिस्टांचे माहितीपट: एका संध्याकाळी काय दाखवावं?

पंचगंगाकाठी

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही दर महिन्याला चित्रपट दाखवतो. प्रोजेक्टर एका सभासदाचा, पडदा म्हणजे पांढरी रंगवलेली भिंत. प्रेक्षकांत गिरणीतून निवृत्त झालेले काही जण, कॉलेजची मुलं, दोन-तीन शिक्षिका आणि दर वेळी "यात नवीन काय?" असं विचारणारे एक वकीलसाहेब. पुढच्या वेळी राजकीय माहितीपट घ्यायचे ठरलंय. सुरुवात फ्रान्सपासून करावी असं माझ्या डोक्यात आहे, कारण नुकताच मी ज्याँ रन्वारचा 1936 सालचा 'ला व्ही एत आ नू' पाहिला. फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाने निवडणुकीसाठी करवून घेतलेला.

सुरुवात झकास आहे. निवेदक सांगतो, फ्रान्समध्ये गहू किती पिकतो, कारखाने किती मोठे. आपल्याला वाटतं, सरकारी माहितीपट चाललाय. मग कळतं की हा आवाज वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांचा आहे, आणि शाळा सुटल्यावर तीच पोरं पॅरिसबाहेरच्या दरिद्री वस्तीतून घरी जातायत. इथपर्यंत मी खूश. पुढे मात्र नट येतात, गोष्टी सुरू होतात, आणि शेवटी पुढाऱ्यांची भाषणं आणि 'इंटरनॅशनल' हे कामगारांचं गाणं. माझी पंचाईत झाली.

तर प्रश्न असे. याला माहितीपट का म्हणायचं? यावर बंदी होती म्हणतात, मग तो पाहिला कोणी आणि कसा? आणि पावणेदोन तासांत बसेल असं त्या काळातलं आणखी काय दाखवता येईल?

पेठेबाहेरचा

प्रचारपट. संपला विषय.

आता थोडं गंभीरपणे. मे 1935 मध्ये फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री लाव्हाल मॉस्कोला गेला आणि फ्रान्सने संरक्षणासाठी चालवलेली सिद्धता आपल्याला मान्य आहे असं स्टालिनने जाहीर केलं. तोवर लष्कराच्या नावाने बोटं मोडणारा हा पक्ष दोन महिन्यांत, 14 जुलैच्या मोर्च्यात, लाल झेंड्याशेजारी फ्रान्सचा तिरंगा घेऊन 'मार्सेयेझ' हे राष्ट्रगीत गाऊ लागला. तुम्ही पाहिलेला चित्रपट या वळणानंतरचा आहे. म्हणून त्यात शेतकरी आहे, इंजिनिअर आहे, शाळामास्तर आहे. सगळ्यांना मांडीवर घ्यायचं होतं. क्रांती म्हणून कुठे दिसली का तुम्हाला?

आणि वसाहती? 1931 मध्ये पॅरिसला वसाहतींचं भव्य सरकारी प्रदर्शन भरलं तेव्हा याच पक्षाच्या लोकांनी सररियलिस्टांना, म्हणजे स्वप्नासारखी, तर्क मोडणारी कला करणाऱ्या कलावंतांना, सोबत घेऊन विरोधी प्रदर्शन मांडलं होतं. 'पॉप्युलर फ्रंट' या डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार आलं आणि जानेवारी 1937 मध्ये त्याच सरकारने अल्जीरियन कामगारांच्या 'एत्वाल नॉर-आफ्रिकेन' या संघटनेवर बंदी घातली, तेव्हा पक्ष गप्प. तुमच्या हॉलमध्ये हेही सांगा म्हणजे झालं.

कात्रीवाली

पंचगंगाकाठी, प्रश्न छान आहे. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

पेठेबाहेरचे म्हणतात ते राजकारण बरोबर आहे, मला त्यावर वाद घालायचा नाही. पण 'प्रचारपट' म्हटल्यावर विषय संपत नाही, तिथे सुरू होतो. माझी उमेद एडिटिंग टेबलवर गेली, त्यातली बरीच वर्षं सरकारी आणि संस्थांच्या माहितीपटांवर. धरण, कुटुंबनियोजन, सहकारी दूध संघ. प्रचार मी मीटरने कापलाय. म्हणून तर मला विचारावंसं वाटतं, की हा प्रचार कोणाला, कुठल्या खोलीत बसवून दाखवायचा होता? या फ्रेंच मंडळींचं सगळं वेगळेपण त्या खोलीत आहे.

आधी 1928 चं बघा. त्या वर्षी फेब्रुवारीत फ्रान्समध्ये नवा हुकूम निघाला. सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रत्येक चित्रपटाला मंत्र्याचा व्हिसा हवा. व्हिसा म्हणजे आपल्याकडचं सेन्सॉर सर्टिफिकेट समजा. शिवाय गावोगावचे महापौर आणि पोलीसप्रमुख वरून आपली बंदी घालू शकत ते वेगळंच. 'बॅटलशिप पोटेमकिन' या सोव्हिएत चित्रपटाला फ्रान्समध्ये सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी थेट 1950 च्या दशकात मिळाली, यावरून कल्पना करा. पण कायद्यात एक फट होती. खाजगी मंडळाने आपल्या सभासदांना काही दाखवलं तर ते 'सार्वजनिक' होत नव्हतं. तोवर ही फट पॅरिसच्या रसिक सिनेक्लबांची होती. पन्नास-शंभर माणसं, चांगले कोट, नंतर चर्चा.

'ल्युमानिते' या पक्षाच्या दैनिकात चित्रपटांवर लिहिणारा लेआँ मुसिनाक, सोबत फ्रान्सिस जुर्दां, ज्याँ लोद्स आणि पॉल वायाँ-कुतुरिए, यांनी त्याच फटीतून आख्खं गाव आत घ्यायचं ठरवलं. 'लेझ आमी द स्पार्ताक्युस', म्हणजे स्पार्टाकसचे मित्र. मार्च 1928 पासून ग्रनेलच्या कॅसिनोत खेळ सुरू. वर्गणी भरा, कार्ड घ्या, आत या. 'पोटेमकिन', पुडोव्हकिनचा 'मदर', जे थिएटरात दिसणं शक्यच नव्हतं ते कार्डावर दिसू लागलं. हजारोंनी सभासद झाले. पॅरिसचा पोलीसप्रमुख ज्याँ शियाप, कट्टर उजवा, त्याला हे कसं खपावं? खाजगी मंडळ असो की सार्वजनिक, सुव्यवस्थेचं कारण पुढे केलं आणि वर्ष सरायच्या आत गाशा गुंडाळायला लावला.

मंडळ मेलं, युक्ती शिल्लक राहिली. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना सेन्सॉरशिवाय परदेशी चित्रपट दाखवता आले ते याच तत्त्वावर, फक्त सभासदांसाठी. मी स्वतः कॉलेजात असताना हेच कार्ड दाखवून आत गेलेली आहे. दारावरचा माणूस फोटो आणि चेहरा ताडून बघायचा. फरक एवढाच की आमची सोसायटी त्या कार्डाकडे नाइलाज म्हणून बघायची. स्पार्टाकसवाल्यांसाठी कार्ड हाच कार्यक्रम होता. प्रेक्षक म्हणून आलेला माणूस सभासद होऊनच बाहेर पडायचा.

आता तुमचा 1936 चा चित्रपट या नजरेने बघा. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला मतदान. पैसा पक्षाच्या सभांमध्ये झोळी फिरवून गोळा केलेला. रन्वार पक्षाचा सभासद नव्हता, देखरेख त्याची. पण हात किती जणांचे बघा: जाक बेकेर, ज्याँ-पॉल ल शानवा (मूळ आडनाव द्रेफ्युस), कवी पिएर युनिक, आणि सहाय्यकांत हेन्री कार्तिए-ब्रेसाँ. हो, तोच. ज्याने 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्येच्या काही वेळ आधी भेट घेतली आणि मग ती रात्र आणि अंत्ययात्रा टिपली. काम सामूहिक, कोणा एकाची सही नाही. नटसुद्धा पाहुण्यासारखे येऊन गेले. तुम्हाला आवडलेले ते मास्तर म्हणजे ज्याँ दास्ते. आणि रन्वार स्वतः एका गुत्त्याचा मालक म्हणून दिसतो, पुन्हा पाहाल तेव्हा शोधा.

तुम्हाला खटकलं ते असं: आधी आकडे, मग गोष्टी, मग पुढारी, मग गाणं. मला हीच बांधणी फार आवडते, कारण ही कामगारांच्या सभेची बांधणी आहे. सभेत पहिला वक्ता देशाची परिस्थिती सांगतो. दुसरा उठून "आमच्या खात्यात काय झालं ऐका" म्हणतो. तिसरा गावाकडची हकीकत सांगतो. शेवटी मोठे पाहुणे, आणि मग सगळे उभे राहून गातात. चित्रपटात 'ल्युमानिते'चा संपादक मार्सेल काशाँ टेबलाशी बसून वाचकांची पत्रं वाचतो आणि एकेका पत्रातून गोष्ट उलगडते, म्हणजे व्यासपीठावर चिठ्ठ्या येतात तशी. कारखान्यातली गोष्ट बघा. हातात स्टॉपवॉच घेतलेला माणूस यंत्रांमधून फिरतोय, कोणाचा हात किती सेकंदात चालतो ते टिपतोय, आणि म्हातारा कामगार मागे पडतो म्हणून त्याला काढतात. मग पक्षाची कारखान्यातली शाखा, म्हणजे 'सेल', हलते. शेतकऱ्याची गोष्ट त्याहून बांधीव. कर्जापायी घरातल्या वस्तूंचा लिलाव लागलाय, बेलिफ पुकारा करतोय, आणि गर्दीत पांगून उभे राहिलेले कॉम्रेड बोली लावू पाहणाऱ्यांना नुसते असे बघतात की त्यांचा आवाज घशातच राहतो. चिल्लर भावात सगळं सोडवतात आणि मालकाला परत देतात. तो प्रसंग नाटकी आहे का? आहे. पण तुमच्या हॉलमधल्या ज्यांच्या घरी जप्ती आलीय त्यांना विचारा, अभिनय कुठला वाटतो ते.

म्हणून मी त्याला माहितीपट म्हणते, आणि हट्टाने म्हणते. 1936 च्या वसंतात फ्रेंच कामगारांची सभा कशी चालायची, तिथे कोण कोणाला कशी हाक मारायचं, टाळी कुठे पडायची, याची इतकी नेमकी नोंद दुसरी नाही. सरकारने व्हिसा नाकारला, मग चित्रपट बंदिस्त सभांमध्ये, निमंत्रणावर चालला. पॅरिसमध्ये एप्रिलमध्ये 'बेलव्हिल्वाझ' या कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हॉलमध्ये दाखवला गेला. म्हणजे सभेसारखा बांधलेला चित्रपट, खऱ्या सभेच्या मधोमध. लॅपटॉपवर एकटीने पाहिला तेव्हा मलाही शेवटची भाषणं जड गेली होती. हॉलमध्ये जातील का, ते तुम्ही सांगायचं.

निवडणुकीत पक्षाच्या जागा साधारण दहाच्या घरातून 72 वर गेल्या. ते काही चित्रपटामुळे झालं असं समजायचं कारण नाही. ज्यांनी तो पाहिला ते बहुतेक आधीच आपले होते.

पंचगंगाकाठी

कात्रीवालीताई, दंडवत. सभेची बांधणी हे डोक्यात आलंच नव्हतं, आणि सभा काय मी कमी ऐकल्यात?

एक लहान शंका. या चित्रपटात हिटलरचं भाषण चालू असतं आणि तोंडातून कुत्र्याचं भुंकणं येतं, ते त्या काळी केलं कसं? आमच्या कॉलेजच्या पोरांना दाखवलं तर पहिली प्रतिक्रिया "मीम आहे हे" अशी येणार.

कात्रीवाली

येऊ द्या की, मीमच आहे ते.

करायला अवघड काहीच नव्हतं, सुचायला होतं. बोलपट येऊन जेमतेम सहा-सात वर्षं झालेली. चित्राची पट्टी आणि आवाजाची पट्टी एडिटिंगच्या वेळी वेगवेगळ्या असतात, छापताना एकत्र येतात. वृत्तपटातलं हिटलरचं चित्र घ्यायचं, त्याचा आवाज काढून टाकायचा आणि भुंकणं लावायचं. कसब आहे ते भुंकण्याचा ठेका कुठे बसवायचा यात. जबडा उघडतो तिथे भुंकणं सुरू व्हायला हवं, हात खाली येतो तिथे थांबायला हवं, मध्ये श्वास घेतो तिथे शांतता. दोन-चार फ्रेम इकडेतिकडे झाल्या की विनोद गेला. मी तो तुकडा टेबलवर मागेपुढे करून पाहिलाय. ज्याने बसवलाय त्याचा कान तयार होता.

पण त्यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची. पाथे, गोमाँ, एक्लेर या कंपन्यांचे वृत्तपट प्रत्येक थिएटरात मुख्य चित्रपटाआधी चालायचे. संप कसा दिसतो, मोर्चा कसा दिसतो, हे लोकांना ठरवून द्यायचे त्यांनीच. पक्षाकडे ना तेवढे कॅमेरे, ना ध्वनिमुद्रणाच्या गाड्या. मग दुसऱ्याचंच चित्र घेऊन त्याचा अर्थ उलटवायचा. 6 फेब्रुवारी 1934 ला उजव्या संघटनांनी पॅरिसमध्ये संसदेवर चाल केली, गोळीबार झाला, माणसं मेली. तीच चित्रं वृत्तपटांत एका सुरात दिसली आणि इथे दुसऱ्या. स्पेनच्या यादवीवर ल शानवाने जोडलेली 'एस्पान्य 1936' ही फिल्म तर बव्हंशी अशीच, वृत्तपटांच्या तुकड्यांची. तिच्यामागे पॅरिसमधल्या स्पॅनिश वकिलातीत काम करणारा लुई बुन्युएल होता. पडद्यावर डोळा कापून दाखवणारा सररियलिस्ट बुन्युएल सरकारी फायली सांभाळत फिल्मचे तुकडे जमवतोय, हे चित्र मला फार गमतीचं वाटतं.

व्हिल्जुईफची_सून

इथे पहिल्यांदाच लिहितेय, वाचते मात्र नेहमी. आम्ही पॅरिसच्या दक्षिणेला व्हिल्जुईफमध्ये राहतो. वर वायाँ-कुतुरिए हे नाव वाचलं आणि हसू आलं, कारण आमचं मेट्रो स्टेशनच 'व्हिल्जुईफ - पॉल वायाँ-कुतुरिए'. त्याच्या पुढचं, लाइनचं शेवटचं, 'लुई आरागाँ'. म्हणजे सातव्या लाइनवर उतरलं की कम्युनिस्ट लेखक रांगेत उभे. मुलगा लहान होता तेव्हा हे कोण म्हणून विचारायचा आणि माझ्याकडे उत्तर नसायचं, म्हणून मग वाचत गेले.

वायाँ-कुतुरिए 1929 पासून इथला महापौर. पत्रकार, खासदार, मुलांसाठी गोष्टी लिहिणारा, गाणी म्हणणारा. त्याच्या काळात 1933 मध्ये इथे वास्तुविशारद आंद्रे ल्युर्साने बांधलेली कार्ल मार्क्स शाळा उघडली. लांबलचक खिडक्या, सपाट छप्पर, मोकळं मैदान. अजून चालू आहे, सकाळी गेटवर पालकांची तीच झुंबड. चित्रपटातली पोरं ज्या वस्तीतून घरी जातात आणि ही शाळा, दोन्ही एकाच 'लाल पट्ट्या'तल्या. पॅरिसभोवतीच्या कम्युनिस्ट नगरपालिकांना तसं म्हणायचे.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये तो अचानक गेला, पंचेचाळिशीत. त्याच्यावर ल शानवाने 'ला व्ही द'न ऑम' अशी फिल्म केली. पंचगंगाकाठी, ती तुमच्या कार्यक्रमात नका घेऊ. श्रद्धांजली आहे, माणूस माहीत नसेल तर कंटाळा येईल.

बेलव्हिल्वाझची इमारत र्‍यू बुआयेवर आहे. आता तिथे मैफली आणि रविवारी जॅझ ऐकत ब्रंच. मी नवऱ्याला घेऊन गेले होते, बिल बघून म्हटलं, सहकारी संस्था ती हीच का?

पेठेबाहेरचा

ब्रंचचं आवडलं.

पण कात्रीवाली, तुम्ही सभेची इतकी तारीफ करताय, तर सभेचा दोषही सांगा. सभेत समोरचा बोलत नाही. तुमच्या या चित्रपटांत एक तरी कामगार "मला पटत नाही" म्हणतो का? दुसरं. ऑगस्ट 1936 मध्ये मॉस्कोचे खटले सुरू झाले, जुन्या बोल्शेविकांना गोळ्या घातल्या. या कॅमेऱ्यांनी तिकडे पाहिलं? आणि ऑगस्ट 1939 मध्ये हिटलर-स्टालिन करार झाल्यावर भुंकण्याचा ट्रॅक कुठे ठेवला?

कात्रीवाली

नाही पाहिलं. ते मान्य करून पुढे जाऊ.

"मला पटत नाही" म्हणणारा कामगार मात्र आहे, फक्त तो पक्षाच्या चित्रपटात नाही, संघटनांच्या फिल्ममध्ये आहे. 1936 मध्ये निवडणूक जिंकल्यावर मे-जूनमध्ये जे संप झाले ते कोणी पुकारलेले नव्हते. लोक कारखान्यातच बसले, आतून कड्या लावल्या. 'सिने-लिबेर्ते' नावाचं मंडळ नुकतंच उभं राहिलं होतं. त्यांनी आत जाऊन 'ग्रेव्ह दोक्युपासिओं' ही छोटी फिल्म केली. त्यात संप कसा दिसतो? अ‍ॅकॉर्डियन वाजतंय, बायका विणकाम करतायत, यंत्रांच्या मधल्या गल्लीत जोड्या नाचतायत, भिंतीवरून डबे आत येतायत. घोषणा कमी, वेळ कसा घालवायचा हीच पंचाईत जास्त. माझ्या माहेरी वडिलांच्या बोलण्यात गिरणीसंपाचं वर्णन यायचं तेही असंच, पत्ते, भजन आणि कंटाळा. 7 जूनच्या रात्री मालक आणि कामगार संघटनांमध्ये मातिन्यों करार झाला, पगार वाढले. पाठोपाठ कायद्याने 40 तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा आली. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता ते त्या उन्हाळ्यात समुद्रावर गेले.

मग संघटनांनी स्वतः पैसे घालून फिल्म करवून घेतल्या. 1938 चं वर्ष त्यात श्रीमंत: रेल्वे कामगारांची एक, धातू कामगारांची एक, आणि बांधकाम कामगारांसाठी ज्याँ एपस्टीनने केलेली 'ले बातिसर'. ही माझी लाडकी. शार्त्रच्या कॅथीड्रलच्या परांचीवर चढून दोन कामगार डागडुजी करतायत. हातातला दगड बघत बोलता बोलता विषय हा दगड कोणी घडवला इथून निघतो आणि आजच्या बांधकामापर्यंत येतो. ल कॉर्ब्युझिए आणि ओग्युस्त पेरे हे दोघे वास्तुविशारद पडद्यावर येऊन बोलतात. ज्याने चंदीगड आखलं त्या ल कॉर्ब्युझिएला आपण नेहमी मोठ्या टेबलामागे पाहतो. इथे त्याला परांचीवरच्या गवंड्यांच्या चित्रपटात पाहुणा म्हणून बोलावलंय, आणि त्याच्याइतकीच जागा विटा वाहणाऱ्यांना आहे.

सगळं जमलं असंही नाही. रन्वारच्या 'ला मार्सेयेझ'साठी 1937 मध्ये दोन-दोन फ्रँकची वर्गणी काढली. ती पुढे तिकिटातून वळती होणार होती, म्हणजे प्रेक्षकच निर्माता. कल्पना बावनकशी. पण ऐतिहासिक पोशाखांचा एवढा मोठा चित्रपट दोन फ्रँकांवर उभा राहत नाही, शेवटी नेहमीच्या पद्धतीने कंपनी काढावी लागली. फेब्रुवारी 1938 मध्ये तो आला तोवर पॉप्युलर फ्रंटचा जोर ओसरलेला.

आणि 1939. करारानंतर 'ल्युमानिते' बंद, सप्टेंबरअखेर पक्षावर बंदी. प्रिंटा कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या तळघरात, काही नष्ट. भुंकण्याचा ट्रॅक कुठे गेला विचारता, तर तो तिथेच गेला. 'ला व्ही एत आ नू' कित्येक वर्षं हरवलेलाच धरला जायचा. व्यावसायिक थिएटरात आला तो 1969 मध्ये, म्हणजे मे 1968 च्या विद्यार्थी-कामगार उठावानंतर. हे सगळे लोक तोवर वेगवेगळ्या वाटांनी गेले होते. युनिक 1945 मध्ये जर्मनांच्या कैदेतून पळताना मेला. बेकेर नावाजलेला दिग्दर्शक होऊन 1960 मध्ये वारला. ल शानवा युद्धकाळात जर्मन मालकीच्या कंपनीत नोकरी करत होता आणि आतून प्रतिकार चळवळीत होता. व्हेर्कोरच्या डोंगरातल्या बंडखोरांचं चित्रण त्याच्यामुळे आज आपल्याला पाहता येतं.

पंचगंगाकाठी

आता माझी खरी अडचण. पावणेदोन तास. काय घेऊ, काय गाळू?

कात्रीवाली

मी लावलं असतं ते सांगते.

पहिली 'प्री ए प्रोफी', बटाट्याची गोष्ट म्हणूनही ओळखतात. 1931-32 ची, इव्ह आलेग्रेने केलेली, प्रेव्हेर बंधू सोबतीला. सेलेस्ताँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाच्या सहकारी मंडळासाठी, शाळांत दाखवायला. शेतकरी बटाटा कवडीमोल विकतो, मध्ये एकेक हात बदलतो तसा भाव चढतो, आणि शहरातला कामगार तोच बटाटा घ्यायला जातो तेव्हा त्याच्या खिशाला परवडत नाही. बस्स, एवढंच. कोल्हापुरात गुळाचा सौदा ज्यांनी पाहिलाय त्यांना निवेदन लागणार नाही. वकीलसाहेब "नवीन काय" म्हणतील तेव्हा "काहीच नाही, 1931 पासून हेच" म्हणा.

दुसरी 'ग्रेव्ह दोक्युपासिओं'. मग दिवे लावा, चहा द्या, लोकांना बोलू द्या. भांडू द्या. पेठेबाहेरचे इथे म्हणाले ते सगळं तेव्हाच काढा, वसाहती, मॉस्को, सगळं. चित्रपट संपल्यावर काढलंत तर लोक पांगलेले असतात.

मग तुमचा रन्वार, तासाभराचा.

'ले बातिसर' दुसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवा, सोबत कार्तिए-ब्रेसाँची 'व्हिक्त्वार द ला व्ही', स्पेनमधल्या वैद्यकीय मदतीवरची 1937 ची. तुमच्याकडे शिक्षिका आहेत म्हणता, एखाद्या नर्सबाईंनाही बोलवा. रक्त देण्याचे आणि जखमी माणसाला पुन्हा चालायला शिकवण्याचे शॉट बघून त्या काय म्हणतात ते मला ऐकायचंय.

पेठेबाहेरचा

इतकं फ्रान्स झालं, तर आपली तीन नावंही सांगून टाका. त्याच तिशीत मुंबईत माहितीपटाचा ध्यास घेतलेली तीन माणसं होती. डॉ. पी. व्ही. पथी पॅरिसला शिकून आलेले, के. एस. हिर्लेकर जर्मनीत, आणि डी. जी. तेंडुलकर मॉस्कोत आयझेन्स्टाइनकडे. तेच तेंडुलकर, ज्यांनी पुढे गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिलं. चळवळीचा शिक्का त्यांच्यावर नव्हता, पण युरोपात काय चाललंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वकीलसाहेबांना हे नवीन असेल.

पंचगंगाकाठी

पेठेबाहेरचे, आभार. तुम्हाला कोल्हापूरचं निमंत्रण, चर्चेत तुमची बाजू तुम्हीच मांडा. तांबड्या रश्श्याची सोय होईल.

एकच राहिलं. मराठी सबटायटल नाहीत. आमची एक मुलगी फ्रेंच शिकतेय, ती माइकवर चालू चित्रपटात मराठी बोलेल असं म्हणतेय. चालेल? आणि परवानगी कोणाकडे मागायची?

व्हिल्जुईफची_सून

पक्षाचा आणि कामगार चळवळीचा फिल्मसंग्रह इथे 'सिने-आर्काइव्ह' ही संस्था सांभाळते. बऱ्याच फिल्म त्यांच्या साइटवर बघता येतात. हॉलमध्ये दाखवायचं तर त्यांना लिहावं लागेल. तारीख आणि प्रेक्षक साधारण किती ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, मी इथून फ्रेंचमध्ये पत्र पाठवते.

कात्रीवाली

माइक चालेल, उत्तम. फक्त त्या मुलीला सांगा, प्रत्येक वाक्य सांगायचा हट्ट धरू नकोस. लिलावाच्या प्रसंगात अजिबात बोलू नकोस, तिथे बोलीचे आकडेसुद्धा नकोत, लोकांना चेहरे बघू दे. आणि भाषणं सुरू झाली की सारांश देऊन मोकळी हो.